बिनचुलीचं घर

अख्ख्या खालापूर तालुक्यात त्या वर्षी चूल नसलेलं घर एकच असेल, आणि ते माझ्या मामाचं होतं. चूल आधी होती. मामानं ती कुदळीनं फोडली आणि तिची माती परसातल्या अळवाच्या बुंध्याशी नेऊन ओतली. का, तर माझ्यासाठी. नांदत्या घरातली चूल फोडायची म्हटल्यावर कुणीही कपाळाला हात लावेल; मामीनंही लावला. पण मामाचं डोकं एकदा तापलं की त्याच्यापुढं कुणाचं काही चालत नसे. ते डोकं माझ्याकडंही आलेलं आहे, हे माझ्या सुना सांगतीलच.

मोठी लढाई संपून चार-पाच वर्षं झाली होती. मी दहा-अकरा वर्षांची असेन. आमचं घर कशेळ्याच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याच्या वाडीत. गवतानं शाकारलेली घरं एकाला एक लागून, आणि प्रत्येकाच्या खळ्यात पेंढा रचलेला. पौषातल्या एका दुपारी वाडीला आग लागली. मी ओढ्यावर भांडी घासत होते. परत आले तेव्हा आई आणि पाळण्यातला भाऊ गेले होते. हे मी एका दमात लिहून टाकलं, कारण दुसऱ्या कुठल्या रीतीनं मला ते लिहिता येत नाही.

बाप माथेरानला हातरिक्षा ओढायचा. तो खाली आला, आठ दिवस माझ्याजवळ नुसता बसून राहिला आणि मग मला मामाच्या गावी आणून सोडलं. मामाचं गाव लोधिवलीच्या जवळ, माथेरानहून चौक गावाकडं उतरणारी पायवाट संपते तिथून फार लांब नाही. "चालतो तवर काय करायचं ते कळतं मला," तो मामाला म्हणाला. "बसलो का कायच कळत नाय." आणि पुन्हा डोंगर चढून गेला. महिन्यातून एकदा यायचा, हॉटेलातली बिस्किटं फडक्यात बांधून आणायचा, आणि बसायची वेळ आली की उठायचा.

मामाकडच्या पहिल्या सकाळी मामीनं चूल फुंकली. धूर माझ्या नाकात गेला, आणि त्यानंतरचं मला आठवतं ते एकदम नदीतलं. कमरेएवढ्या पाण्यात मी उभी, थंडीनं दात वाजताहेत आणि काठावरून मामी हाका मारतेय. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी नदी लांब वाटली म्हणून मी विहिरीच्या पायऱ्या उतरायला लागले. मामानं मला खांद्यावर टाकून घरी आणलं, ओटीवर बसवलं, आणि कुदळ घेऊन थेट स्वयंपाकघरात गेला.

त्या दिवसापासून आमच्या गावानं जो उद्योग आरंभला, तो आठवला की अजून मला हसू आवरत नाही. मामानं घरोघर जाऊन बजावलं, "माझ्या भाचीच्या नजरंला इस्तव पडता कामा नये." गावात वीस-बावीस घरं. माणसं भातशेतीवर जगणारी, साधी, आणि एकदा मनावर घेतलं की अतिरेक करणारी. सगळ्यांनी मिळून एका पोरीपासून विस्तव लपवायचं ठरवलं. अहो, लपवायचा म्हटला तरी विस्तव लपतो का? पण ते त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मामी पाळीपाळीनं शेजारणींच्या चुलीवर स्वयंपाक करू लागली. आज या घरी, उद्या त्या घरी. त्यातून तिला गावातल्या प्रत्येक घरच्या डाळीत पाणी किती असतं, ते समजलं. मामीच्या हाताला तिखट फार, म्हणून शेजारणींची पोरं तिच्या कालवणाच्या वासानंच ठसकायची. रांधलेलं अन्न झाकून, फडक्यात गुंडाळून, परसदारानं आमच्या घरात यायचं. तेही लगेच नाही. "वाफ दिसंल तिला," असं मामाचं म्हणणं, म्हणून भात निवून गोळा झाल्यावरच पानात पडायचा. भात गरम नसला तर ताट भिरकावणारा हा माणूस! चार महिने गार भात खाल्ला आणि वर म्हणायचा, "गारच बरा लागतो. पोटाला चांगला असतो."

मामा चिलीम ओढायचा. त्यानं जाहीर केलं की छातीत दुखतं म्हणून तंबाखू सोडली. मग जेवण झालं की तो बांध बघायला निघायचा. आमचे बांध तेव्हा इतके बघण्यासारखे कधीपासून झाले, कुणास ठाऊक. परत यायचा तो तोंडात जांभळीचा पाला चघळत, वास मारायला. तोंडभर हिरवट दात घेऊन माझ्याशी गोड बोलायचा.

शेजारणी पूर्वी खापर घेऊन विस्तव मागायला येत. काडेपेटी चौकाच्या दुकानात मिळायची, पण ती कोण उगाच खर्ची घालणार. चूल पेटवायला विस्तव शेजारूनच आणायचा. सवयीनं एखादी दारात येऊन "इस्तव—" म्हणायची, मला बघून जीभ चावायची आणि म्हणायची, "इळी हाय का गं?" मामीला विळी द्यावी लागायची. ती शेजारीण नको असलेली विळी घेऊन जायची, आणि परत आणून द्यायचं विसरायची. त्या हिवाळ्यात आमची एक विळी गावभर फिरली, आणि मामी भाजी चिरायलाही परक्या घरी जाऊ लागली.

एक म्हातारेबुवा आमच्या दारावरून जायचे, त्यांचा तर कळसच. एकदा मी अवचित समोर आले, तेव्हा त्यांनी हातातली पेटती चिलीम पटकन पागोट्यात खोवली. "बरी हाईस ना गं बाय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "जेवलीस?" मी मान हलवली. आणि त्यांच्या पागोट्यातून धुराचं एक वेटोळं वर निघालं. मला पळावंसं वाटलं आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. त्या गोंधळात मी तिथंच उभी राहिले. बुवांना चटका बसला तसे ते "आयायाया" करत पागोटं हातात घेऊन पळाले, ते मागं वळून "घाबरू नको गं!" असं मलाच ओरडत होते. आग लागल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

शिमगा आला तेव्हा पंचायत झाली. होळी तर पेटवायलाच हवी. गावानं ती नदीपलीकडं नेली आणि पोरांना दम भरला की बोंब मारायची नाही. बोंब मारल्याशिवाय होळी म्हणजे काय? पोरांनी तोंडावर हात धरून घशातल्या घशात मारली. ती ऐकून नदीकाठची सगळी कुत्री भुंकायला लागली. तेवढा वेळ मामीनं मला जात्याशी बसवून नाचणी दळायला लावली आणि स्वतः ओव्या म्हटल्या, इतक्या मोठ्यानं की दुसऱ्या दिवशी तिचा आवाज बसला. संध्याकाळच्या आभाळात तांबूस उजेड दिसत होता. मामी म्हणाली, "आज चंद्र लौकर उगवला गं." मी म्हटलं, "हो."

मला सगळं कळत होतं. प्रत्येकाच्या हाताला लागलेला धुराचा वास मला येत होता. पण इतकी माणसं इतका आटापिटा करताहेत, त्यांना 'मला कळतं' असं कसं सांगायचं? ती मला सांभाळून घेत होती आणि मी त्यांना. पुढं माझ्या स्वतःच्या संसारात अशी दोन-तीन पोळलेली पोरं वेगवेगळ्या निमित्तानं येऊन राहिली. मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. पण मामाच्या त्या वेडेपणाला मी नावंही ठेवत नाही. माझ्यासाठी बावीस घरं खुळी झाली होती, याचा त्या वयात मला किती आधार होता ते मलाच ठाऊक.

आता खरं ते सांगते. गावाला वाटायचं, पोरगी आगीला भिते. भीत तर होतेच. पण माझ्या पोटात होतं ते वेगळंच. त्या दिवशी सकाळी आईनं मला शेजारी विस्तव आणायला पाठवलं होतं. मी खापरात निखारे घेऊन आले, नेहमीसारखी, अर्ध्या वाटेवर धावत. धावू नकोस म्हणून आई रोज सांगायची. दुपारी आग लागली ती आमच्या खळ्यातल्या पेंढ्याच्या उडवीला. माझ्या खापरातलं काहीतरी तिथं सांडलं असणार, असं मी मनाशी धरून बसले होते. हे मी बापाला सांगितलं नव्हतं, मामाला नव्हतं, कुणालाच नव्हतं. मामा माझ्यासाठी गार भात खायचा आणि मी समोर बसून मनात म्हणायची, याला कळलं तर हा मला घरात ठेवील का? गेली ती त्याची बहीण होती.

चैत्र उजाडला, आणि राब भाजायची वेळ आली. आमच्याकडं भाताची रोपं ज्या वाफ्यात करायची, तो वाफा आधी भाजावा लागतो. त्यावर शेण पसरायचं, मग झाडांच्या तोडलेल्या फांद्या, म्हणजे टहाळ, मग पाला, गवत, आणि वरून बारीक माती. मग ते सगळं जाळायचं. जमीन भाजली की तणाचं बी मरतं आणि रोप हिरवंगार उठतं. राब न भाजता भात होत नाही असं आमच्याकडं पक्कं समजलेलं. प्रत्येकाच्या शेतात आठ-पंधरा दिवस धूरच धूर.

मामा म्हणाला, "औंदा मी राब भाजनार नाय."

ओटीवर चार माणसं बसली होती, पागोट्यातले बुवाही होते. मी आत कणगीआड होते. बुवा म्हणाले, "अरं, रोप तणात घुसमटून मरंल. लावशील काय?"

"मरू दे."

"खाशील काय?"

"तुमच्याकडं जेवायला येईन. जेवतोच हाय की चार म्हयने तुमच्या चुलीवरचं."

त्यावर सगळे हसले, पण मामा हसला नाही हे मला आवाजावरून कळलं. मामी काहीच बोलली नाही. आणि मामी गप्प बसली की समजायचं, गोष्ट खरंच वाईट आहे. कणगीत हात घातला तर भात माझ्या कोपरापर्यंतही येत नव्हतं. मला वाटलं, आई गेली ती माझ्यामुळं, आता या दोघांच्या तोंडचा घासही माझ्यामुळंच जाणार. रडू आलं, पण कणगीआड रडलं तर आवाज घुमतो, म्हणून परकराचा घोळ तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकरवाडीची म्हातारी आली. ही दर वर्षी डोंगरावरून मामाच्या राबासाठी टहाळ आणून द्यायची आणि सुगीला भात घेऊन जायची. काटक, काळीसावळी, आणि तोंडानं अशी की आमची मामी तिच्यापुढं गरीब गाय. तिनं डोक्यावरचा भारा अंगणात धाडकन टाकला. मामानं तिला सांगितलं, औंदा नको.

"नको म्हंजी?" ती म्हणाली. "तीन दिस झाडावर चढून टहाळ तोडलाय मी. ह्या वयात. गुडघं बघ माझं. अजून सा भारं वर पडल्यात. ते काय मी चघळत बसू?"

"पोरीला आगीचं भ्या हाय गं म्हातारे."

"कुठली पोरगी? ही?" तिनं माझ्याकडं बघितलं, बैल विकत घेताना बघतात तसं. "हात तं चांगलं लांब हायत. हिला दे माझ्याबरुबर टहाळ पसरायला. माझी सून बाळंत हाय, मला मानूस कमी हाय."

"आगं, पन—"

"टहाळ पसरायला दे म्हनलं मी. टहाळ हिरवा असतो. हिरवा पाला पेटतो व्हय रं? मग सुकला का तू भाज, नायतर बसून बघत राहा. माझं काम मी पुरं करनार."

मामाला बोलण्यात कुणी हरवलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मी तिच्यामागून शेतावर गेले. ती माझ्याशी गोड एक शब्द बोलली नाही. शेण पसर, इथं नाही तिथं, जाड फांदी खाली घाल, बारीक वर घाल, डोळं फुटलं का तुझं. मला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. चार महिने माझ्यावर कुणी खेकसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बांधावर बसली, कनवटीची चकमक काढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी आता इडी वढनार. पळायचं तं पळ. नदी तिकडं हाय."

ठिणगी पडली तशी मी पळाले. दोन शेतं पळाले. मग मागं बघितलं. कुणी हाका मारत नव्हतं, कुणी धावत येत नव्हतं. ती आपली पाठ करून विडी ओढत बसली होती. नुसतं पळणाऱ्याला कुणी बघत नसेल तर पळण्यात फारसा जीव राहत नाही. मी परत आले आणि जरा लांब बसले.

"वर माती कशाला घालायची?" थोड्या वेळानं मी विचारलं.

"आग धावू नये म्हनून. मातीखाली ती गोगलगाईवानी चालती. आनि लावायची ती वारा जातो त्या टोकाला. मग तिला वाऱ्यासमूर चालावं लागतं. दमती मेली."

मी विचारलं, "आमच्या घराला लागली तेव्हा वारा कुठून होता?"

"मला काय ठावं? मी व्हते व्हय तितं?" ती म्हणाली. "तूच सांग."

आणि मी सांगितलं. ती पुढं काम करत राहिली आणि मी तिच्या मागं मागं पाला पसरत सांगत गेले. मध्ये मध्ये ती विचारायची: उडवी कुठल्या अंगाला होती? दार कुठं? वारा डोंगराकडून होता का? मी रडत होते आणि उत्तरं देत होते. तिनं "रडू नको" म्हटलं नाही. शेवटी मी खापराचं सांगितलं. ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला वाटलं, आता ही माझ्याकडं बघणार नाही.

तिनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "इस्तव कवा आनलास? सकाळी?"

"सकाळी."

"आनि आग?"

"दुपारी. ऊन कलल्यावर."

तिनं चार काटक्या पेटवल्या, त्यांचा निखारा होऊ दिला, एक उचलून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि शेजारी आपली भाकरी सोडून बसली. "मी खाते. तू बघ."

मी बघितलं. नदी तिकडं होती, पण मी बघितलं. लाल निखाऱ्यावर पांढरी साय धरली, मग कडा काळ्या पडल्या. म्हातारीची अर्धी भाकरी व्हायच्या आत तो राखेचा खडा झाला होता. "हात लाव," ती म्हणाली. मी बोट लावलं. कोमट होता, मग तोही राहिला नाही.

"पण पेंढ्यात पडला असंल तर?" मी म्हटलं. मी काही बावळट नव्हते.

तिनं घास चावत विचार केला, खरंच विचार केला. "पेंढ्यात पडला आसता तं तवाच भडकला आसता. दुपारची वाट बघत बसला नसता." मग म्हणाली, "बघ, मी व्हते नाय तितं. देवाला ठावं. पन मला इचारशील तं, नाय. तुझा इस्तव नाय तो."

ती आग माझ्या हातून लागली की नाही, हे मला आजही नक्की ठाऊक नाही. पण त्या दिवशी माझ्या पोटातला गोळा निम्मा झाला, आणि निम्म्या गोळ्यासकट माणूस चांगलं जगू शकतं.

घरी आल्यावर मी मामाला म्हटलं, "राब भाज."

"भाजायचा नाय म्हनलं ना."

"मग मी भाजते."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मामीनं त्याच्याकडं बघितलं. "तुझंच डोकं हाय ते," मामी त्याला म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीपासून परसात माती कालवताना दिसू लागली. विचारलं तर म्हणायची, "भिंतीला लिंपायला."

टहाळ सुकायला आठ-दहा दिवस गेले. भाजायचा दिवस ठरला तो गावाला कुणी सांगितला नव्हता, पण सकाळी शेतावर जाऊन बघते तो लग्नाला जमावं तसं अख्खं गाव हजर. बायका पाण्याच्या कळश्या घेऊन, पुरुष आग झोडपायला निरगुडीचे फाटे घेऊन. बुवा तर दोन फाटे घेऊन आले होते. एवढ्याशा वाफ्याला एवढं पाणी! ठाकरीण म्हातारी म्हणाली, "राब भाजायचाय का बुडवायचाय?"

तिनं गवताची चूड पेटवून माझ्या हातात दिली. वारा कुठं जातो ते मी आधी बघून घेतलं, त्या टोकाला गेले, चूड टेकवली. चर्रर्र झालं, धूर उठला आणि माझे पाय आपोआप नदीकडं वळले. दहा-बारा पावलं गेले असेन. मग मी थांबले आणि वळून बघितलं. आग अगदी लहान होती. मातीखालून निळसर धूर सोडत, वाऱ्याच्या तोंडाला लागून, खरंच गोगलगाईसारखी चालली होती. मी परत फिरले आणि बुवांच्या हातातला एक फाटा काढून घेतला.

एकदा वारा उलटला तेव्हा एक जीभ बांधावरच्या गवताला लागली. दहा पुरुष एकदम ओरडत धावले, एकमेकांच्या पायात आले, एक कळशी बुवांच्याच अंगावर रिकामी झाली. तोवर मी दोन फटक्यांत ती झोडपून विझवली होती. गाव ओरडलं, हसलं, आणि मला इतका आनंद झाला की मी विझलेल्या जागेवरही आणखी चार फटके मारले. म्हातारी म्हणाली, "पुरं आता. मेली ती." आणि टहाळाचा रिकामा दोर खांद्यावर टाकून डोंगराकडं निघून गेली. तिनं मामाला माझ्या खापराचं काही सांगितलं होतं की नव्हतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

राब धुमसत राहिला आणि आम्ही घरी आलो. स्वयंपाकघरात नवी चूल होती. मामीनं ती परसात करून, गोणपाटाखाली वाळवून, सकाळी आम्ही शेतावर असताना जागेवर बसवली होती. सारवलेली, हळदकुंकू वाहिलेली, आणि थंडगार.

मामानं कोनाड्यातून चिलीम काढली. माझ्यासमोर. खिशात काडेपेटी होती, मी बघितली होती. शेतात हजार निखारे पडले होते. तो खाली बसला, चिलमीत तंबाखू भरायला लागला आणि सहज, मीठ आण म्हणावं तसं म्हणाला, "बाय गं, शेजारनं जरा इस्तव घिऊन ये. मामीला चूल पेटवायचीय."

मी उभीच राहिले. मामी खापर माझ्यासमोर धरून उभी होती.

मी गेले. मी आमची विळी मागायला आले असं वाटून शेजारणीनं ती काढायला हात वर केला, मग माझ्या हातात खापर बघून ती चुलीपाशी वाकली. चार निखारे तिनं घातले. परत येताना मी धावले नाही. एक एक पाऊल मोजून टाकलं. तरी अंगणाच्या पायरीला ठेच लागली आणि एक निखारा निसटून खाली पडला. मी तो पायाखालच्या मातीनं झाकला, पूर्ण विझेपर्यंत तिथंच उभी राहिले, आणि मग आत गेले.

"एक सांडला," मी म्हटलं. "वाटंत. मी इझवला, पन सांडला."

मामानं खापराकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"तुझी आय तं रोज सांडायची," तो म्हणाला, आणि खापरातला एक निखारा चिमट्यानं उचलून त्यानं चिलमीवर ठेवला.